काउंटरवरची पाटी

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर सहा वर्षं एक पाटी होती. पांढऱ्या फळीवर लाल अक्षरांत मी ती पेंटरकडून लिहून घेतली होती : 'मोबाईलवर पाहिलेलं औषध मागू नये.' २०१७ च्या उन्हाळ्यात लावली आणि २०२३ च्या दिवाळीआधी साफसफाई करताना काढली. पाटी गेल्याचं फार थोड्या गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं असेल. पण ती का लावली आणि का काढली हे मला एकदा मनापासून सांगायचं आहे, कारण या दोन्हींच्या मधल्या काळात माझ्या हातून एका मुलीचा चेहरा खराब झाला आहे.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीतलं हे दुकान माझ्या वडिलांनी सुरू केलं. मी डी. फार्म. होऊन १९९१ साली त्यांच्या शेजारी बसायला लागलो. देउरवाडा, रोहणा, विरूळ, खरांगणा अशा गावांतून माणसं येतात. काहींच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी असते, पुष्कळांच्या नसते. "भाऊ, पोराले तीन दिवसांपासून ताप हाये, काही द्या ना." वर्ध्याचा किंवा सेवाग्रामचा मोठा दवाखाना गाठायचा तर पन्नास-साठ किलोमीटर, एसटीचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी. म्हणून आमच्याकडे आजारपणातला पहिला सल्ला बहुतेक वेळा मेडिकलवालाच देतो. वडील द्यायचे, मीही देत आलो. लोकांचा या काउंटरवर विश्वास आहे याचा मला अभिमान होता. त्या विश्वासाला आपण किती जागतो, हे मात्र मी कधी तपासलं नव्हतं.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वर्षभरात कॉलेजच्या पोरांच्या हाती इंटरनेट आलं. तोवर मुलं आईबापाबरोबर यायची, नाहीतर घरचा निरोप घेऊन यायची. आता ती एकटी यायला लागली. संध्याकाळी गर्दी पांगल्यावर यायची आणि तोंडानं काही न बोलता फोन माझ्यापुढे धरायची. त्यावर औषधाचा फोटो असायचा. वजन वाढवायची पावडर, केस गळायच्या गोळ्या, उंची वाढवायचं काहीतरी, मुरमांची ट्यूब. "कोणी सांगितलं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "व्हिडिओत पाहिलं."

मला याचा राग यायचा. पंचवीस वर्षं औषधांत घालवलेला माणूस समोर उभा आहे, आणि या पोरांना दूर कुठल्या शहरात बसून बोलणारा अनोळखी चेहरा जास्त खरा वाटतो! फोन आपल्या मुलांना बिघडवतो आहे, अर्धवट ज्ञान देऊन त्यांच्या जिवाशी खेळतो आहे, असं माझं मत झालं. मी ते मत येईल त्याला ऐकवत असे. शाळेच्या कार्यक्रमात बोलावलं तर तिथंही हेच बोलत असे.

पाटी लावायला निमित्त झाला एक सतरा वर्षांचा मुलगा. बारावीत होता आणि पोलीस भरतीची तयारी करत होता. आमच्या भागात भरती म्हणजे घराचं नशीब पालटणारी गोष्ट. पहाटे अंधारात पोरं रस्त्याच्या कडेनं धावताना दिसतात. याला १६०० मीटरची वेळ कमी करायची होती. त्यानं फोनवर एका इंजेक्शनचं नाव दाखवलं. ऑपरेशनच्या वेळी रोग्याचा रक्तदाब उतरला तर भूल देणारे डॉक्टर ते वापरतात. दम वाढतो म्हणून जिममध्ये आणि मैदानावर त्याचा गैरवापर होतो. त्यानं रक्तदाब चढतो, छाती धडधडते, झोप उडते आणि सवयही लागते. यातलं काहीही मी त्याला सांगितलं नाही. मी भडकलो. "चाल, निघ इथून. तुया बापाले सांगतो," एवढंच म्हणालो. तो मान खाली घालून गेला. दुसऱ्या दिवशी मी पेंटरकडे पाटी टाकली. आपण एका पोराला वाचवलं, असं समाधान त्या रात्री मला होतं.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शाळाच फोनमध्ये गेली. ज्या घरांत मुलीच्या हाती फोन द्यायला बाप तयार नव्हता, तिथंही तो द्यावा लागला. अभ्यासासाठी आलेला फोन पोरांनी अभ्यासापुरताच वापरला नाही, हे सगळ्यांनाच दिसत होतं. ती त्यात काय शोधत होती, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही.

२०२२ च्या जानेवारीत आर्वीचं नाव देशभरच्या बातम्यांत गेलं. एका अल्पवयीन मुलीच्या बेकायदा गर्भपाताचं प्रकरण होतं आणि एका खासगी दवाखान्याच्या आवारात कवट्या आणि हाडं सापडली होती. त्या प्रकरणाचा निवाडा करणं माझं काम नाही. मला आठवतं ते आमच्या घरातलं चित्र. बातमी लागली की कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद करायचं. मोठी माणसं स्वयंपाकघरात कुजबुजायची आणि पोरं दिसली की विषय बदलायची. सोळा वर्षांची माझी पुतणी एका संध्याकाळी दुकानात आली आणि म्हणाली, "काका, कायदा काय सांगतो मग?" मी म्हणालो, "तुले काय करायचं हाये?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनंच मला सांगितलं, की गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे आणि २०२१ मध्ये बदलला आहे. अठराखालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. सगळं बरोबर होतं. कुठं वाचलं म्हणून विचारलं, तर फोनवर. त्या वेळी मी तिचं कौतुक केलं नाही. "असलं वाचत बसू नको," म्हणालो. आज ते वाक्य आठवलं की मला वाईट वाटतं. आपल्या गावात एवढं घडलं असताना कायदा समजून घ्यावासा वाटलेली आमच्या घरात ती एकटी होती.

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या मुलीच्या चेहऱ्याबद्दल.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एक अकरावीतली मुलगी दुकानात आली. तोंडाला ओढणी बांधलेली होती. ऊन-धुळीमुळे आमच्याकडे सगळ्याच मुली बांधतात, त्यामुळे मला वेगळं वाटलं नाही. तिनं एक संपत आलेली ट्यूब काउंटरवर ठेवली.

"काका, ही ट्यूब तुमच्याइथूनच नेली होती ना?"

"हो. दुसरी देऊ?"

"यात स्टेरॉइड हाये. चेहऱ्याले लावाचं नसते म्हणते. तुम्ही काहून नाही सांगितलं?"

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी बोटानं पाटी दाखवली. तिनं पाटीकडे पाहिलं, सगळी वाचली आणि शांतपणे म्हणाली, "मी मोबाईलवर पाहिलेलं औषध नाही मागून राहिली, काका. तुम्ही देलेलं औषध मोबाईलवर पाहिलं."

मग तिनं ओढणी सोडली. दोन्ही गाल लाल होते. कातडी इतकी पातळ झाली होती की बारीक शिरा दिसत होत्या. हनुवटीवर आणि कपाळावर मुरमांचे पुंजके होते, आणि गालांच्या कडेला लव वाढली होती. ती सतरा वर्षांची होती.

ट्यूब मी दिली होती. दोन वर्षांपूर्वी तिची आई वांगावर काही द्या म्हणून आली होती. मी ती ट्यूब पुढे केली. महिनाभरात चेहरा उजळला. स्टेरॉइडनं तो उजळतोच, हीच त्यातली फसवणूक आहे. मग आईनं ती मुलीच्या मुरमांना लावली. तिचाही चेहरा उजळला. त्यानंतर त्या घरात दर महिन्याला एक ट्यूब जात होती आणि मी एकदाही विचारलं नाही, की ही कोण लावतं, कुठं लावतं, किती दिवसांपासून लावतं.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड मलमं परिशिष्ट 'एच'मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याआधी कित्येक वर्षं यासाठी आरडाओरडा केला होता, कारण चेहरे जळून येणाऱ्या मुलींची त्यांच्याकडे रीघ लागली होती. ती सूचना माझ्याकडे आली होती. मी ती वाचली, फाइलला लावली आणि ट्यूब विकत राहिलो. शेजारचा विकतो, मी नाही दिली तर गिऱ्हाईक तिकडे जाईल. औषध कंपनीचा एमआर दहावर दोन फुकट देतो. आणि लोक मागतात. मी स्वतःला दिलेली कारणं ही एवढीच होती. त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी जुनी बिलं काढून बसलो. महिन्याला तीस-पस्तीस ट्यूब जात होत्या. त्यांतल्या किती चिठ्ठीवर गेल्या, ते एका हाताच्या बोटांवर मोजता आलं. ट्यूबवरची लाल रेघ आणि चौकटीतली सूचना मी चष्मा लावून पुन्हा वाचली. त्या मुलीनंही तीच वाचली होती. एका त्वचारोगतज्ज्ञाच्या व्हिडिओत तिनं रेघेचा अर्थ ऐकला आणि घरातली ट्यूब उचलून पाहिली. तीस वर्षांच्या अनुभवानं जे केलं नाही, ते तिनं पाच मिनिटांत केलं.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर मी फोनचा भक्त होऊन बसलो असतो. पण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, कारण मीच बोलावलं होतं, आणि पुढचं तिनं तेव्हा सांगितलं. स्टेरॉइड आहे हे कळल्यावर तिनं ट्यूब एका दिवसात बंद केली. कातडीला सवय लागलेली असते. एकदम थांबवलं की चेहरा पेटतो. आग, खाज, सूज असं सगळं सुरू झालं. तिनं पुन्हा फोन उघडला. या वेळी समोर आलेला माणूस डॉक्टर नव्हता. त्यानं लिंबाचा रस आणि खायचा सोडा सांगितला. तिनं आठ दिवस लावला. उरलेली कातडी त्यानं सोलली. दोन्ही व्हिडिओ एकाच फोनवर, एकाच चौकटीत, एकामागोमाग आले होते. पहिल्यानं तिला आजाराचं खरं नाव सांगितलं आणि दुसऱ्यानं तिला भाजलं. यातला कोण जाणता आणि कोण नुसता बोलका, हे सतरा वर्षांच्या मुलीनं एकटीनं कशावरून ओळखायचं?

मी विचारलं, "तू डॉक्टरकडे काहून नाही गेली, माय?"

ती म्हणाली, "आईले म्हटलं ना मी. आई म्हणे, मेडिकलवाल्या भाऊनं देल्ली तं बरोबरच असन."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ज्या विश्वासाचा मला अभिमान होता, तोच तिच्या आणि डॉक्टरच्या मधे आडवा पडला होता. फोन तिला डॉक्टरकडे जा म्हणत होता आणि माझी पत तिला थांबवत होती. आणि माझ्याकडे येऊन विचारायचं, तर काउंटरवर पाटी होती.

मी त्या संध्याकाळी तिच्या घरी गेलो. तिच्या आईसमोर बसून सांगितलं, की चूक माझी आहे, ही ट्यूब मी द्यायला नको होती. तिला आधी खरं वाटलं नाही, आणि मग ती जे बोलली ते ऐकून घेण्यावाचून मला दुसरा मार्ग नव्हता. पुढच्या आठवड्यात मुलगी सेवाग्रामच्या त्वचारोग विभागात दाखवून आली. असा चेहरा सावरायला महिने लागतात. तिची अकरावी आणि बारावीचा बराच भाग ओढणीआड गेला. आता ती पुष्कळ बरी आहे. तिची आई माझ्या दुकानात येत नाही, आणि ते मला मान्य आहे.

दिवाळीच्या साफसफाईत मी पाटी काढली. त्याच सुमारास भरतीच्या त्या मुलाचे वडील भेटले. सहज विषय निघाला म्हणून त्यांनी सांगितलं, की पोरानं ते इंजेक्शन मैदानावरच्या एका ओळखीच्या मुलाकडून मिळवलं होतं. चार महिने घेतलं. एका सकाळी धावता धावता छाती इतकी धडधडली की त्याला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. तो वाचला, पण भरतीचा नाद त्यानं सोडला. "तुयाकडे आला होता म्हणे एकदा," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी मात्र त्या क्षणी सहा वर्षं मागे गेलो. तुया बापाले सांगतो म्हणालो होतो, ते सांगितलंही नव्हतं. तो पोरगा मैदानावरच्या पोराकडून थेट घेऊ शकला असता. त्याआधी तो माझ्याकडे आला. कदाचित त्याच्याही मनात भीती असेल. ते इंजेक्शन कशासाठी असतं, शरीरात काय करतं, हे बसवून सांगायला मला दहा मिनिटं लागली असती. मी त्याला हाकललं आणि त्याला वाचवल्याचं समाधान घेऊन झोपलो.

तेव्हापासून माझं मत पालटलं आहे. किशोरवयातली पोरं फोनकडे वळतात, ते तिथं माहिती जास्त असते म्हणून नव्हे. फोन तोंड वाकडं करत नाही, बापाला सांगत नाही, "तुले काय करायचं हाये" म्हणत नाही. आपण मोठ्यांनी दारं लावून घेतली म्हणून ती त्या खिडकीशी गेली. खिडकीतून खरंही येतं आणि खोटंही येतं. मी इतकी वर्षं खोट्यावर बोट ठेवून खिडकीच बंद करा म्हणत होतो, आणि आपल्या दाराला लावलेली कडी मला दिसत नव्हती.

ही गरज काही फोननं निर्माण केलेली नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि १९५३ पर्यंत, म्हणजे जवळपास मरेपर्यंत, पदराला खार लावून चालवलं. शरीराविषयी घरात विचारता येत नाहीत असे प्रश्न वाचक त्यांना लिहून पाठवायचे आणि ते सरळ, शास्त्राला धरून उत्तर द्यायचे. त्या उत्तरांसाठीच १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. खटला हरले आणि कर्व्यांना दंड झाला. नव्वद वर्षांपूर्वी ज्यांनी पत्रं लिहिली आणि आज जी पोरं रात्री पांघरुणात फोन उघडतात, त्यांचे प्रश्न फारसे वेगळे नसावेत. फरक एवढाच, की त्या पत्रांना उत्तर देणारा माणूस जबाबदारी घेऊन उत्तर देत होता.

आणि जवळ बसून सांगितलं तर काय होतं, हे आमच्याच जिल्ह्यात दिसलेलं आहे. आर्वीहून वर्ध्याला जाताना आंजी लागतं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तेवीस गावांत सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेनं मुलींच्या किशोरी पंचायती उभ्या केल्या आणि पाळीविषयी मोकळेपणानं बोलणं सुरू केलं. सुरुवातीला पाळी येण्याआधी तिच्याविषयी माहिती असलेल्या मुली शंभरात ३५ होत्या. तीन वर्षांनी त्या ५५ झाल्या. ही नोंद २००७ मध्ये छापून आली आहे. तेव्हा या गावांत स्मार्टफोन नव्हता. गावातल्याच बायका आणि मुली एकमेकींशी बोलत होत्या. मी त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेलो आहे. हे काम माझ्या दुकानापासून तासाभराच्या अंतरावर चाललं होतं आणि मी काउंटरच्या मागे बसलो होतो.

पाटी काढल्यावर तिच्या जागी मी काही लावलं नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला, औषधांच्या कपाटाआड, एक खुर्ची ठेवली. संध्याकाळी सातनंतर कुणी पोरगा-पोरगी फोन पुढे करून उभी राहिली, की मी आत बसवतो. आधी ऐकतो आणि मग आम्ही तो व्हिडिओ दोघं मिळून पाहतो. चार गोष्टी मी विचारायला लावतो. बोलणारा कोण आहे? तो शेवटी काही विकतो आहे का? तुझं वय, तुझं वजन, तुझे इतर आजार त्याला माहीत आहेत का? आणि डॉक्टरकडे कधी जायचं, हे तो सांगतो का? चौथा प्रश्न मला सगळ्यांत कामाचा वाटतो. जाणता माणूस आपली हद्द सांगतो. प्रत्येक गोष्टीवर घरचा उपाय आहे म्हणणारा सांगत नाही. पोरांना हे एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

त्या खुर्चीवर बसलेल्यांत एक मुलगी मला नेहमी आठवते. २०२४ च्या जानेवारीत आली. रक्त कमी, थकवा, अधूनमधून हातपाय दुखणं. रक्त कमी असणं आपल्याकडे इतकं सर्रास आहे की कुणाला त्याचं काही वाटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते, ती ही मुलगी घेत होती. फोनवर पाहून तीन महिने बीट आणि खजूर खाल्ले होते. फरक पडला नव्हता. तिनं आणखी शोधलं आणि तिला 'सिकलसेल' हा शब्द सापडला. पूर्वीचा मी असतो तर टॉनिकची बाटली पुढे केली असती. ती म्हणाली, "मले औषध नको, काका. याची तपासणी कुठं होते, तेवढं सांगा."

सिकलसेल हा विदर्भाचा जुना आजार आहे. आदिवासी समाजांत आणि इतर काही समाजांतही पिढ्यान्पिढ्या चालत आलेला. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडं दुखतात. रक्त कमी होतं, पण ते लोहाच्या कमतरतेमुळे नव्हे, म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी ते भरून येत नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०४७ चं उद्दिष्ट ठेवलं गेलं. सरकारी दवाखान्यात पहिली चाचणी फुकट होते. तिच्यात संशय आला तर पक्की चाचणी करतात. मी तिला चिठ्ठीवर लिहून दिलं, की कुठं जायचं, काय विचारायचं. ती आणि तिचा भाऊ दोघं गेले. तिला आजार निघाला. भाऊ वाहक निघाला, म्हणजे त्याला त्रास नाही, पण जोडीदारही वाहक असेल तर प्रत्येक मुलामागे चारात एक धोका. आता तिचे उपचार नीट सुरू आहेत. तिचा आजार आधी कुणी ओळखला, असं मला कुणी विचारलं तर मी तिचंच नाव घेईन. फोननं तिला एक शब्द दिला, तो हाती धरून तिनं माणूस शोधला, आणि या वेळी माणूस जागेवर होता.

नेहमी असं होत नाही. काही पोरं खुर्ची पाहूनच परत फिरतात. आमचं गाव लहान, मी सगळ्यांच्या बापाला ओळखतो, आणि त्यांना त्याचीच भीती असते. त्यांना मी सरकारी दवाखान्यांतल्या किशोरवयीनांच्या 'मैत्री' क्लिनिकविषयी सांगतो. मन फार उदास असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून हातात देतो. तो चोवीस तास चालू असतो आणि पलीकडचा माणूस कुणाच्या बापाला ओळखत नाही. स्टेरॉइडच्या ट्यूब मी चिठ्ठीशिवाय देत नाही. काही गिऱ्हाइकं तुटली आहेत. दहावर दोनची स्कीम गेली. एखादा पोरगा विचारतो, "काका, तुम्ही पहिले तं देत होते." मी सांगतो, "चुकत होतो."

मागच्या आठवड्यात जिमला जाणारा एक मुलगा आला. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "काका, क्रिएटिननं केस गळतात का जी? एक जण हो म्हणते, एक जण नाही म्हणते." तेहतीस-चौतीस वर्षांत काउंटरवर मी जो शब्द कधी उच्चारला नव्हता, तो त्या दिवशी तोंडातून आला. म्हणालो, "मले माहीत नाही." तो माझ्याकडे पाहत राहिला. मी चष्मा पुसला, दुसरी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "दाखव बरं, काय म्हणून राहिले दोघं ते." त्यानं फोन दोघांच्या मधे धरला.